इतवारी, ताशी साठ

सोमवार, ६ जानेवारी २०२५

एकतीस वर्षं मी रोज वहीत लिहीत आलो. कोणी क्लच एकदम सोडला, कोणाला रिव्हर्स जमत नाही, कोण आरसा बघायला विसरतं. वैरागडे मोटर ड्रायव्हिंग स्कूल, जरीपटका, नागपूर. चार हजारांच्या वर लोकांना गाडी शिकवली. डिसेंबरात डॉक्टरांनी माझ्या कमरेचा एक्स-रे पाहिला आणि सांगितलं, ताराचंदजी, शिकाऊ माणसाशेजारी बसून धक्के खाणं आता बंद. गाडी अंगणात कव्हर घालून उभी केली. नव्या वर्षाची वही मात्र आणलेलीच होती. म्हणून आजपासून विद्यार्थ्यांऐवजी स्वतःबद्दल लिहितो. बघू किती दिवस टिकतं.

स्कूलची रस्त्याकडची खोली आमच्या लेकीने, रितिकाने घेतली. तिथे ती आणि तिचा मित्र दुर्गेश कॉम्प्युटरवर गेम बनवतात. गाड्यांच्या शर्यतीचा. भिंतीवर माझे रस्त्याच्या खुणांचे तक्ते तसेच आहेत आणि त्यांच्याखाली ही दोघं दिवसभर ताशी तीनशेने गाडी पळवतात.

आज चहा घेऊन गेलो तेव्हा पडद्यावर लाल गाडी होती. आठ पदरी रस्ता, निळं आकाश, लांब डोंगर. कोपऱ्यात आकडा ३१०. मी जरा वेळ पाहिलं आणि सहज विचारलं, "गाडी बंद पडली का?"

दुर्गेश हसला. रितिकाने चहा घेतला नाही.

बुधवार, ८ जानेवारी

बायकोने, पुष्पलताने, सकाळी मला सुनावलं. "पोरगी सहा महिने रात्रंदिवस करून राहिली, अन् तुमी म्हणता गाडी बंद पडली?"

दुपारी मी माफी मागायला गेलो. रितिका म्हणाली, "बाबा, तुमचं चुकलं नाही. ज्याले ज्याले खेळाले दिला तो हेच म्हणते. आकडा पळते, गाडी पळत नाही."

मग खरं कळलं. हैदराबादच्या एका कंपनीच्या कामिनी मॅडम बावीस फेब्रुवारीला स्वतः येऊन गेम पाहणार. त्यांना पसंत पडला तर कंपनी तो जगभर विकायला ठेवणार आणि पुढचं वर्ष ही दोघं इथेच काम करणार. नाही पडला तर दुर्गेशला बेंगलोरला नोकरी तयार आहे आणि रितिकाला पुण्याला.

पुण्याची नोकरी मला काही वाईट वाटत नाही. मोठं ऑफिस, घ्यायला-सोडायला गाडी. पण तिच्यासमोर बोललो नाही.

आज त्यांनी आकडा ४०० केला. गाडी अजून उभीच.

रविवार, १२ जानेवारी

काल झोपताना विचार करत होतो की आयुष्यात मला सर्वांत जास्त वेग कधी जाणवला.

मागच्या वर्षी साळ्याच्या गाडीतून समृद्धी महामार्गाने गेलो. काटा एकशेवीसवर. मी वर्ध्याच्या आधीच झोपलो होतो. आणि कुसुमताई? दाणा बाजाराजवळच्या, वय पन्नास, शिकायला आलेल्या. त्यांनी इतवारी बाजाराच्या गल्लीत ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता. काटा तीसच्या वर गेला नव्हता. पण डावीकडे पितळी गुंड-घागरींची उतरंड, उजवीकडे पोत्यांचा ठेला, मध्ये आम्ही! गाडी थांबली तेव्हा कुसुमताई म्हणाल्या, "सर, मजा आली." मी दोन दिवस सुट्टी घेतली.

आज सकाळी तर्री-पोहे खाताना हे सांगितलं. मी म्हणालो, "वेग काट्यावर नसते गा दुर्गेश. बाजूले काय आहे अन् ते किती जवळ आहे, त्याच्यावर असते. मोकळ्या रस्त्यावर तीनशे म्हणजे काहीच नाही. इतवारीत साठ म्हणजे जीव गेला."

दुर्गेशने चमचा खाली ठेवला. रितिकाकडे पाहिलं. ती उठली आणि हातसुद्धा न धुता कॉम्प्युटरवर जाऊन बसली.

पोहे अर्धे राहिले. पुष्पलता माझ्यावरच चिडली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खोलीत नेऊन दिला. आठ पदरी रस्ता, डोंगर, लाल गाडी, सगळं पुसून टाकलं आहे. सहा महिन्यांचं काम! मी फक्त एक किस्सा सांगितला होता.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज आम्ही इतवारीत गेलो. दुर्गेश स्कूटर चालवत होता, मी मागे. कॅमेरा स्कूटरच्या पायदानाजवळ बांधलेला, जमिनीपासून वीतभर. मी म्हणालो, माणसाचे डोळे तिथे असतात का? दुर्गेश म्हणाला, "काका, उंटावरून रस्ता हळू जाते, किती जोरात जाते ते मांजरीले विचारा." घरी येऊन पाहिलं तर खरंच. आम्ही जेमतेम वीसने गेलो होतो, पण पडद्यावर फरशा अंगावर धावून येत होत्या.

आवाजही हवे होते. भांड्यांच्या गल्लीत शालिकराम नावाचा हमाल भेटला. पन्नाशीचा असेल. ठेल्यावर पातेल्यांची चळत, वर दोरी. दुर्गेशने त्याच्या चाकाला आवाज पकडायचं यंत्र बांधायची परवानगी मागितली.

"बांधा," तो म्हणाला. "पण काहून?"

"आमच्या गेममध्ये तुमचा ठेला राहील."

"अन् मी?"

"तुमचा आवाज राहील."

तेव्हा त्याने गळा साफ केला आणि असा ओरडला, "बाजू! बाजू! बाजू हो भाऊ!" की पुढचे तीन दुकानदार गल्ल्यावरून उठले. मी हसून हसून कंबर धरली. खूप दिवसांनी बाहेर पडलो होतो, तेही बरं वाटलं.

मंगळवार, २१ जानेवारी

एक गल्ली तयार झाली. आता लाल गाडी नाही, तीन चाकी माल टेम्पो आहे. पुष्पलताने पाहून एकच प्रश्न विचारला: "याले घाई काहून आहे?"

मग ती म्हणाली, "लग्नाच्या घरी बर्फाची लादी नेऊन राहिला असंल. वितळते म्हणून घाई."

झालं. टेम्पोत आता बर्फ आहे. मागे पाणी गळतं. लादी वितळायच्या आत मांडवात पोचायचं. मी एक अट घातली, की गेममध्ये कोणाला धक्का लागता कामा नये. मी चार हजार लोकांना हेच शिकवलं आहे. रितिका म्हणाली, "लागणारच नाही. कशालाही घासलं की बर्फ फुटला, परत पहिल्यापासून." हे मला पटलं.

आज ती खेळली. टेबलाला स्टिअरिंग बसवलं आहे. मला डावीकडच्या खुर्चीवर बसवलं, माझ्या नेहमीच्या बाजूला. पाहून झाल्यावर मी माझं मत सांगितलं, वळणं थोडी लवकर दिसावीत वगैरे. दुर्गेश मान हलवत होता, पण पाहत होता टेबलाखाली. पोराचं लक्ष नसतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

माझ्या मताला बरीच किंमत आलेली दिसते. रोज अकरा वाजता रितिका बोलावते. "बाबा, नवीन करून पाहिलं, बसता का?" मी डाव्या खुर्चीवर बसतो, ती खेळते. मी मत देतो. दुर्गेशने माझ्या पायाखाली काळी रबरी चटई टाकली आहे. थंडी आहे म्हणून असेल. तिला मागून वायर आहे, म्हणजे गरम होणारी असावी. पण गरम काही होत नाही. स्वस्तातला माल असणार. मी बोललो नाही, पोराने आपुलकीने आणली आहे.

गुरुवार, ३० जानेवारी

फळ्यावर ही दोघं रोज काहीतरी लिहितात. 'बा. ४'. त्याखाली 'बा. ९'. काल 'बा. १४'. बा. म्हणजे बाकी कामं असणार. कामं बाकी राहण्याचा आकडा वाढतो आहे आणि यांना आनंद होतो आहे, हे मला समजत नाही. काल चौदा झाले तेव्हा दुर्गेशने रितिकाला टाळी दिली. आम्ही शाळेत असताना एवढा अभ्यास बाकी ठेवला असता तर मार खाल्ला असता.

पण गेम! आज पडदे हलवलेत, म्हणजे दुकानांपुढचे. ते इतके खाली आणलेत की टपावरून घासून गेल्यासारखे वाटतात. आणि शालिकरामचा 'बाजू हो भाऊ' समोरून येतो, कानाजवळ फाटतो आणि मागे राहतो. एका वळणावर मी "अगं अगं अगं" म्हणालो. रितिका इतकी खूश झाली की खेळायचं सोडून माझ्याकडे पाहायला लागली. बर्फ फुटला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बा. १९. कठीण आहे या पोरांचं.

पायाची पिंढरी दुखते आहे. उजवी. कुठे चाललो नाही, काही नाही. पुष्पलताने तेल लावून दिलं आणि ती गालातल्या गालात हसत होती. विचारलं तर म्हणे, काही नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज लवकर खोलीत गेलो. संत्र्यांची टोपली ठेवायची होती. अजून कोणी आलं नव्हतं, पण कॉम्प्युटर चालू होता. चटईवर पाय पडला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आला. १. मी दुसऱ्यांदा पाय दाबला. २. मग तीन-चार वेळा दाबून पाहिला.

बा. म्हणजे बाकी नाही. बा. म्हणजे बाबा.

एकतीस वर्षं शिकाऊ गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक होता. विद्यार्थी चुकला की मी तो दाबायचो. आता समोर ब्रेक नाही, फक्त पडदा आहे, तरी माझा पाय दाबतो. मला माहीतच नव्हतं. यांना माहीत होतं. यांनी तो मोजला. गेम जितका जोरात वाटेल तितका बाबाचा पाय दाबेल. माझं मत कोणालाही नको होतं.

दोघं आली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. मी म्हणालो, "मी मीटर आहे का तुमचं?"

दुर्गेशचा चेहरा उतरला. "काका, सॉरी."

रितिका म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही पाय आवरला असता."

"विचारायचं तरी."

ती मग म्हणाली, "बाबा, तुम्ही चार हजार लोकांले शिकवलं. मले एकदाच बसवलं होतं. आपल्या गेटपासून चौकापर्यंत. अकरा वेळा ब्रेक मारला तुम्ही. म्हणून मले माहीत होतं, की तुमचा पाय काय करते."

मी उठून घरात आलो. अकरा वेळा नाही. आठ-नऊ वेळा असेल. आणि नंतर तिला शिकवायला वेळच मिळाला नाही, सीझन होता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जुन्या वह्या काढल्या. आठ वर्षांपूर्वीची वही सापडली. माझी पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे, मी ब्रेक किती वेळा दाबला आणि कारण काय. 'समोर गाय.' 'ऑटो आडवा आला.' 'सिग्नल दिसला नाही.' 'खड्डा.' कारणाशिवाय मी ब्रेक दाबत नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो.

१८ मे २०१७. माझ्याच अक्षरात आहे.

'रितिका वैरागडे. पहिला दिवस. क्लच उत्तम. स्टिअरिंग स्थिर. आरसा पाहते. ब्रेक: ११. कारण:'

पुढे काही नाही. रकाना रिकामा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पुष्पलताला वही दाखवली. ती भाजी निवडत होती. तिने वाचली आणि परत दिली.

"तुला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"मी तवा मागंच बसून होती नं," ती म्हणाली. "पोरगी झकास चालवून राहिली होती."

"मग तू बोलली काहून नाही?"

"बोलली. तुमाले ऐकू नाही आलं."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

खोलीत गेलो. स्वतःहून डाव्या खुर्चीवर बसलो, चटईवर पाय ठेवले. "चला, मोजा," म्हणालो. दोघांना आनंद झाला. पण आता मला पायाचं माहीत आहे. सगळा वेळ मी पायाकडेच लक्ष देत होतो. आकडा शून्य. पुन्हा केलं. शून्य. मुद्दाम दाबला तर मोजणी खोटी.

मीटर बिघडलं. नऊ दिवस राहिले आहेत. दुर्गेश म्हणतो, आहे ते चांगलं आहे. रितिका म्हणते, "चांगलं आहे, पण काहीतरी कमी आहे. लोक घाबरतात, पण परत खेळत नाहीत." काल गल्लीतल्या चार जणांना खेळायला दिला. चौघेही एकदा खेळून घाम पुसत उठले. छान आहे म्हणाले आणि गेले.

रविवार, १६ फेब्रुवारी

हे सविस्तर लिहायला हवं.

काल जेवताना मी रितिकाला म्हणालो, "उद्या रविवार. इतवारीत दुकानं बंद असतात. गाडी काढू. तू चालव."

तिने घास खाली ठेवला. "बाबा, माझ्याकडे लायसन्स आहे."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. पुण्यात कॉलेजात होती तवा शिकली."

चार वर्षं तिच्या पर्समध्ये लायसन्स आहे आणि मी, ज्याने अर्ध्या जरीपटक्याला लायसन्स मिळवून दिलं, मला पत्ता नाही. मी फक्त "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

सकाळी साडेसातला कव्हर काढलं. रितिका ड्रायव्हरच्या जागी बसली. मी सवयीने तिच्या डावीकडचं दार उघडलं. तिथे माझा ब्रेक आहे. तो दिसला आणि मी दार लावून टाकलं.

"पुष्पलता, तू बस पुढे," मी म्हणालो आणि मागे जाऊन बसलो. स्वतःच्या गाडीत मी मागे पहिल्यांदाच बसलो. सीट मऊ आहे हे मला माहीत नव्हतं.

कमाल चौकापर्यंत मी पोरीच्या हातांकडे पाहत होतो. मग लक्षात आलं की पाहायची गरज नाही. ती आरसा पाहत होती. अंतर ठेवत होती. गाडी कोणाची आहे आणि बाप मागे बसला आहे, हे सगळं विसरून चालवत होती. तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं.

एकतीस वर्षांत मी नागपूर समोरच्या काचेतूनच पाहिलं आहे. बाजूने कधी पाहिलंच नव्हतं! इतवारीच्या गल्लीत आम्ही शिरलो, पंचवीस-तीसचा वेग असेल, शटर सरसर मागे जात होती, निळं, हिरवं, निळं, गंजलेलं, कोणाच्या गॅलरीतल्या साड्या, एक म्हातारा दात घासताना, पुन्हा शटर. भिंती इतक्या जवळ की हात काढला असता तर लागला असता. आणि मग गल्ली संपली. एकदम. समोर मोकळं, बागेची झाडं, सगळं ऊन एकदम गाडीत आलं. कबुतरांचा थवा उठला. रितिकाने जरा अ‍ॅक्सिलरेटर दिला. मला जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं झालं आणि मी मोठ्याने हसलो. घाबरलो नव्हतो. हसलो.

"काय झालं?" पुष्पलता मागे वळली.

"थांबव वं," मी रितिकाला म्हणालो. "बाजूले घे. काय कमी आहे ते सापडलं."

तिने इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली. मी सांगितलं, "तुमच्या गेममध्ये गल्ली संपतच नाही. एका गल्लीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. माणूस श्वास धरून धरून मरते. एकदा तरी सोडा त्याले बाहेर. जीव मुठीत घेऊन आला नं, मग उघडं मैदान द्या, ऊन द्या, कबुतरं द्या. तिथे टेम्पो उडू द्या."

रितिका स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे आरशातून पाहत होती. तिचे डोळे भरले होते. ऊन थेट काचेवर होतं, त्यामुळे असेल.

मग तिने दुर्गेशला फोन लावला आणि त्याला झोपेतून उठवलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

तीन दिवस कोणी जेवायला वेळेवर नाही. मी संत्री सोलून खोलीत ठेवतो, रिकामी टोपली परत आणतो. आज 'बाहेर पडणं' पाहिलं. गल्लीत आवाज कोंडलेला असतो, भांडी, हॉर्न, बाजू हो भाऊ. टेम्पो मैदानात आला की सगळं बंद. क्षणभर फक्त वारा. मग कबुतरं. तिथे काटा साठवरून सत्तरवर जातो, फक्त दहाने. पण असं वाटतं की टेम्पोला पंख आले.

आज दुर्गेश म्हणाला, "काका, तुमचं मत काय?" आणि या वेळी तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी सांगितलं, कबुतरं थोडी उशिरा उडवा. त्याने लगेच बदललं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

कामिनी मॅडम आल्या. चाळिशीच्या, बारीक, हसत नाहीत. मराठी येत नाही, हिंदी बोलतात. पुष्पलताने संत्रा बर्फी दिली, ती त्यांनी बाजूला ठेवली. मी दाराजवळ उभा होतो. विमान संध्याकाळी सहाचं, म्हणजे चारला निघायला हवं, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं.

त्या खेळायला बसल्या. पहिल्याच वळणाला घासलं, बर्फ फुटला. दुसऱ्यांदा जरा पुढे गेल्या. फुटला. चेहऱ्यावर काहीच नाही. रितिकाचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि ती बोटं दाबत होती. मला फक्त तिची बोटं दिसत होती.

चौथ्यांदा त्या शेवटच्या गल्लीत पोचल्या. खांदे वर, मान पुढे, ओठ दातांखाली. पडदे टपावरून गेले. शालिकराम कानाजवळून ओरडत गेला. आणि टेम्पो बाहेर पडला, उन्हात. सगळा आवाज थांबला.

मॅडमच्या तोंडून "हा!" असं निघालं. लहान पोरीसारखं. त्यांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलले होते. चपला खालीच राहिल्या.

टेम्पो मांडवात पोचला. मॅडम पडद्याकडे पाहत राहिल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे. मग त्या म्हणाल्या, "एक बार और."

त्या अकरा वेळा खेळल्या. चार वाजले, सव्वाचार झाले. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी उठल्या तेव्हा त्यांनी चपला शोधल्या, बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि रितिकाला विचारलं, "ये खुलने वाला हिस्सा किसका आइडिया था?"

रितिकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "पापा का. पीछे की सीट से।"

मॅडमना काही समजलं नसावं. पण त्यांनी मला नमस्कार केला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

हैदराबादहून होकार आला. वर्षभराचं काम, इथेच, याच खोलीत. आणखी दोन जण घ्यायचे आहेत. दुर्गेशने बेंगलोरला नकार कळवला. रितिकाने पुण्याला कधीच कळवून टाकलं होतं म्हणे, जानेवारीतच. मला आज सांगते आहे.

पुण्याचं ऑफिस तसं दूरच होतं.

रविवार, २ मार्च

ज्यांचे आवाज घेतले, ज्यांच्या दुकानांचे फोटो घेतले, त्या सगळ्यांना आज सकाळी दहाला बोलावलं. पितळेच्या भांड्यांचे दोन शेठ आले, चिवडेवाला आला, गॅलरीत दात घासणारे आजोबाही आले. शालिकराम धुतलेला शर्ट घालून आला, बायकोला घेऊन. खोलीत जागा नव्हती, रांग अंगणात गेली. पुष्पलता दोन वेळा चहा टाकून दमली. ज्याला त्याला आपलं दुकान दाखवायचं होतं. "हे पाहा, हे पाहा, माझं शटर! रंग बरोबर आहे नं!"

शालिकरामचा नंबर आला. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. रितिकाने त्याला स्टिअरिंग कसं धरायचं ते दाखवलं. सुरुवातीला त्याने टेम्पो इतका हळू नेला की रांगेतले हसायला लागले. समोरून ठेला आला की तो थांबायचा, जाऊ द्यायचा. "बाबा रे, त्याच्यावर वजन आहे," तो म्हणायचा. बर्फाचं पाणी होऊन गेलं.

दुसऱ्या वेळी त्याने वेग घेतला. कोणत्या दुकानापुढे फरशी खचली आहे, कुठे गटार आहे, कुठून डावीकडे सरकलं की जागा होते, त्याला सगळं पाठ. कुठेही घासलं नाही. आमच्यापैकी कोणीही तसा खेळलेला नव्हता. त्याचाच आवाज समोरून आला, बाजू हो भाऊ, आणि त्याने टेम्पो खरंच बाजूला घेतला. सगळे हसले, तो हसला नाही. तो पुढे पाहत होता. मग गल्ली संपली, ऊन आलं, कबुतरं उडाली.

त्याने स्टिअरिंग सोडलं नाही. टेम्पो मैदानात गोल गोल फिरत राहिला.

"काय शालिकराम?" मी विचारलं.

तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "छत्तीस वर्षं झाले साहेब, याच गल्लीतून ठेला ओढून राहिलो. आज पहिल्यांदा गल्ली मागं पळाली."

त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. रितिका माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "बाबा, मागे पंधरा लोक उभे आहेत. शालिकरामजींना उठायला सांगू का?"

मी म्हणालो, "राहू दे."

चिवडेवाल्याने अंगणातच बसकण मारली. शालिकराम साडेबारापर्यंत खेळला.